मामांना चालायला सांगितलं होतं

आमच्या भागात आजारी माणसावर दोनच उपचार. त्याला उठू द्यायचं नाही आणि त्याला खायला घालायचं. माझे सासरे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून पुण्याहून घरी आले, तेव्हा डॉक्टरांनी नेमकं याच्या उलट सांगून पाठवलं होतं. ते सांगणं ज्या कागदावर लिहिलं होतं तो कागद माझ्याकडं होता, कारण घरातल्या बायकांत दहावी झालेली मी एकटीच. त्या कागदापायी पुढची काही वर्षं मी अख्ख्या भावकीची वैरीण झाले. आज ते दिवस आठवले की हसू येतं, आणि खरं सांगते, त्या भांडणांसाठीसुद्धा जीव तुटतो.

माझं माहेर सुप्याकडचं, सगळा जिरायत भाग. लग्न होऊन इंदापूर तालुक्यात, वरकुट्याजवळ आले ती नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला. सासऱ्यांना मामा म्हणायचं आणि सासूला आत्या, ही आमची रीत. घर पूर्वीचं मेंढरं राखणारं. मामांचं निम्मं आयुष्य कळपामागं चालण्यात गेलेलं. पावसाळा सरला की कोकणच्या अंगाला उतरायचं आणि पुढचा पाऊस लागायच्या आत परत यायचं, सगळं पायी. मग रानाला पाणी आलं, ऊस लागला, मेंढरं गेली आणि दारात ट्रॅक्टर उभा राहिला. त्या दिवसापासून मामांनी चालणं टाकलं. विहिरीवर जायचं तरी कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून. "जल्मभर चाललो, आता बसून खायाचं," असं ते म्हणायचे आणि अगदी शब्दाला जागायचे. पाच-सहा वर्षांत पोट सुटलं. तंबाखू तर मिशा फुटायच्या आधीपासूनची.

मला हा माणूस फार आवडायचा. माझे वडील मी लहान असतानाच गेले. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून भाकरी करपली आणि मी चुलीपुढं डोळे पुसत बसले होते. मामा आत आले, करपलेली भाकरी उचलली, तिथंच उभ्यानं मोडून खाल्ली आणि म्हणाले, "कळपामागं आमी असलीच खायाचो. आज लई दिसानं चव आली." बापाची माया म्हणजे काय ते मला त्या घरात कळलं. तेव्हा पुढं जे काही मी केलं, ते सुनेचं कर्तव्य वगैरे नव्हतं. मला एकदा मिळालेला बाप परत घालवायचा नव्हता, एवढंच.

शौचावाटे रक्त जायला लागलं तेव्हा मामांनी ती मूळव्याध ठरवली आणि वर्षभर कुणाला काही बोलले नाहीत. असल्या जागेचं दुखणं कोण कुणाला सांगतं? कुणीतरी दिलेला पाला वाटून ते गुपचूप ताकातून घ्यायचे. शेवटी माणूस वाळायला लागलं, चालताना भोवळ यायला लागली, तेव्हा माझ्या नवऱ्यानं त्यांना बारामतीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तपासून त्याच दिवशी पुण्याची चिठ्ठी दिली. पुण्यात आतड्याचा गाठ असलेला तुकडा काढला आणि उरलेली दोन टोकं जोडली. त्या दिवसांत कॅन्सर हा शब्द आमच्याकडं मोठ्यानं उच्चारत नसत. आत्या "ती गाठ" म्हणायच्या आणि म्हणताना दाराकडं बघायच्या.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर डाळजचे एक बागाईतदार होते. वांगी, टोमॅटो, पेरू पिकवणारे, मामांच्याच वयाचे. दुखणं तेच, ऑपरेशन एका दिवसाच्या अंतरानं. दोघांची पहिल्याच दिवशी गट्टी जमली, कारण दोघांचीही तंबाखूची डबी नर्सनं काढून घेतली होती. तिच्या नावानं दोघं मिळून बोटं मोडायचे.

घरी सोडताना पुण्याच्या डॉक्टरांनी मला बोलावून बसवलं. म्हणाले, "गाठ काढली आहे. ती परत येऊ नये म्हणून थोडं आमच्या हातात आहे आणि थोडं तुमच्या." मग एकेक सांगत गेले. तंबाखू बंद म्हणजे बंद. टाके भरेपर्यंत मऊ खाणं, पण पुढं भाकरी, डाळ, पालेभाज्या, फळं. मटण कधीतरी, तेही चार फोडी. वजन वाढू द्यायचं नाही. आणि जखम भरली की रोज चालायचं, घरातल्या घरात नव्हे, चांगलं तास-पाऊण तास. पहिली दोन-तीन वर्षं जास्त काळजीची, पाच वर्षं नीट गेली की निर्धास्त, असं ते म्हणाले. मी मनातल्या मनात पाच वर्षांचा हिशेब मांडूनच गाडीत बसले.

घरी आलो आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जात नाहीत. बिस्किटांचे पुडे इतके जमले की कपाटाचं दार लागेना. ते एक वेळ चाललं असतं. पण पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या बायका मामांचे हडकलेले दंड चाचपून बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून पायाच्या रश्श्याचा डबा यायचा, वर बोटभर तेल. एका नणंदेनं तर जिवंत कोंबडा पाठवला. मी डबे परत पाठवायला लागले. बोभाटा झाला. "सासऱ्याला भाजीपाल्यावर ठेवलंय म्हनं. सुप्याकडची हाय, दुष्काळातली सवय," हे मी माझ्या कानांनी ऐकलं. ऐकवणारी माझी चुलत सासूच होती. मी म्हटलं, "व्हय, दुष्काळातली हाय, म्हनून तर मानूस जगवायचं मला कळतं." त्यानंतर ती वर्षभर आमच्या उंबऱ्याला आली नाही. माझी जीभ तेव्हाही अशीच होती.

त्या बायकांचं चुकत होतं असं आज वाटत नाही. मामांच्या पिढीनं भूक पाहिली होती. ज्या घरात कधीकाळी मटण वर्षातून दोनदा शिजायचं, त्या घरात आठवड्याला शिजायला लागलं, हीच त्यांची सुधारणा. आणि आता एक कालची पोर कागद दाखवून म्हणते, ते खाऊ नका. राग येणारच.

तंबाखू सुटायला चार महिने लागले. मी डबीत बडीशेप आणि लवंग भरून ठेवायची. मामा डबी उघडायचे, बघायचे, माझ्याकडं एक जळजळीत नजर टाकायचे आणि बडीशेप खायचे. सवय अशी की बोलता बोलता उजव्या हाताचा अंगठा डाव्या तळव्यावर आपोआप फिरायला लागायचा. तळव्यावर काहीच नसायचं. मग त्यांच्या ध्यानात आलं की ते हात धोतराला पुसायचे. मला त्या वेळी फार वाईट वाटायचं, पण मी तोंडावर काही दिसू दिलं नाही.

खरी फजिती चालण्याची झाली.

पहिल्या दिवशी सकाळी मामा पटका बांधून, काठी घेऊन निघाले. मी घड्याळाकडं बघून ठेवलं. दहा मिनिटांत परत आले, पुतण्याच्या ट्रॅक्टरवर बसून. गाव सगळं त्यांना आबा म्हणायचं. मला म्हणाले, "त्यानं गाडी हुबी केली. म्हनला, आबा बसा. न्हाय कसं म्हनायचं?" दुसऱ्या दिवशी दूध नेणाऱ्या जीपवाल्यानं आणून सोडलं. तिसऱ्या दिवशी उसाची रिकामी बैलगाडी होती. आमच्याकडं ओळखीचं माणूस रस्त्यानं पायी दिसलं आणि गाडी थांबवली नाही, तर तो अपमान ठरतो. आणि गाडी थांबवल्यावर माणूस बसलं नाही, तर तो त्याहून मोठा अपमान. एकदा मामांनी नेट लावून नको म्हटलं, तर त्या गाडीवाल्यानं संध्याकाळी घरी येऊन माझ्या नवऱ्याला विचारलं, "आमच्या गाडीत काटं हायेत का रं, तुजा बाप बसंना त्यो?"

कळस झाला तो एका बाजारच्या दिवशी. सकाळी सातला फिरायला गेलेले मामा दुपारी एकला घरी आले. कुणा सोयऱ्यानं वाटेत जीपमध्ये घातलं होतं, थेट इंदापूरला नेलं होतं, तिथं भजी खायला घातली होती आणि दारात आणून सोडलं होतं. त्या दिवशी मामा एकूण शंभर पावलं चालले असतील. वर मला म्हणाले, "भजी ताजी व्हती पर."

रस्ता नको म्हणून बांधावरून चालायचं ठरलं. तिसऱ्या दिवशी शेजारचा शेतकरी तोंड पाडून दारात उभा. "आबा, रोज आमच्या बांधानं हिंडताय. काय मनात आसंल तर सरळ सांगा, मोजनी आनू." आमच्याकडं बांधावर उगाच कुणी फिरत नाही. फिरणाऱ्याच्या मनात बांध सरकवायचा असतो, असं सगळे धरून चालतात. मग पाटाच्या कडेनं. तिथं पाटकरी भेटला. पाण्याची पाळी आपली नसताना हा माणूस रोज पाटावर काय करतो, याची त्याला शंका आली. आजाराचं खरं नाव सांगून टाकावं, तर ते सांगायचं नाही हे आत्यांचं बंधन. कामाशिवाय चालणारं माणूस आमच्या गावाच्या हिशेबात बसतच नव्हतं.

शेवटी एक दिवस मामा मोटारसायकलवरून उतरताना दिसले आणि माझा तोल गेला. मी अंगणात ओरडले, "मग चार मेंढरं तरी घ्या! मेंढरामागं चालनाऱ्याला कुनी बसा म्हननार न्हाय!"

मी रागानं बोलले होते. पण मामा पायरीवर थबकले. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी बोलायचीच थांबले. इतक्या महिन्यांत त्या डोळ्यांत तेवढी चमक मी बघितली नव्हती.

माझा नवरा दोन दिवस धुमसत होता. "लोकं काय म्हनतील? ट्रॅक्टर दारात आन् बाप मेंढरामागं? म्हातारपनी बापाला राखोळ्या केला म्हनतील." त्याचंही खोटं नव्हतं. त्या दारिद्र्यातून घर बाहेर काढलं याचा त्याला अभिमान होता. मी म्हटलं, "म्हनू द्या. म्हनायला बाप तर ऱ्हाईल." माझ्या भावानं सुप्याकडून पाच मेंढ्या आणून सोडल्या, आणि त्या दिवसापासून रस्त्यावर एकही गाडी मामांसाठी थांबली नाही. जीपमध्ये माणूस घालता येतो, पाच मेंढ्या कुठं घालणार?

त्या दोन वर्षांची आठवण आली की मला आधी वास आठवतो. मामा अकराच्या सुमाराला रानातून यायचे तेव्हा त्यांच्या घोंगडीला लोकरीचा, कोवळ्या गवताचा आणि घामाचा मिळून एक वास असायचा. कानावर पटका सरकलेला. धोतराच्या सोग्यात रोज काहीतरी असायचं, कधी तांदुळजा, कधी चिघळ, कधी पाथरी, हिवाळ्यात बोरं. यातली पाथरी मला ओळखूसुद्धा येत नव्हती. कळपामागं असताना भाकरीबरोबर हीच पानं कच्ची खायचे म्हणे. उसाच्या रानात तण म्हणून उपटून फेकलेल्या भाज्या आमच्या ताटात परत आल्या. आत्या लसूण घालून त्या परतायच्या आणि सगळं घर खायचं. मामांचं पुन्हा सुटायला लागलेलं पोट आत गेलं. रात्री पाठ टेकली की घोरायला लागायचे. तोंडानं शीळ घालून मेंढ्या वळवताना मी त्यांना पहिल्यांदा बघितलं, तेव्हा वाटलं, हा माणूस मला म्हातारा म्हणून भेटला, याच्या आधी तो कोण होता ते आज दिसलं.

तपासणीला दर तीन महिन्यांनी बारामतीला जायचो. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, चालता का? मामांनी मेंढ्यांचं सांगितलं. डॉक्टर खुर्चीत मागं रेलून हसले आणि औषधांच्या चिठ्ठीवर खाली लिहून दिलं, "मेंढ्या चालू ठेवणे." तो कागद मी घडी घालून ट्रंकेत ठेवला होता, पुढं कुठं गेला कोण जाणे.

डाळजचे ते बागाईतदारही त्याच दिवशी तपासणीला यायचे. दवाखान्याच्या बाहेर बाकड्यावर दोघं बसायचे आणि पहिलं काम म्हणजे एकमेकांच्या खिशांची झडती. "काढ डबी." "तू आदी काढ." बडीशेप निघाली की मोठ्यानं हसायचे. डाळजकरांनी मामांच्या आधी महिनाभर तंबाखू सोडली होती आणि ते मामांना सारखं ऐकवायचे. वजनही त्यांनी जास्त उतरवलं होतं. चालायचेही रोज, न चुकता. मामा घरी येऊन म्हणायचे, "त्यो माझ्या म्होरं हाय. पर मी गाठतो त्येला." पथ्य ही त्या दोघांची शर्यतच झाली होती, आणि मला तर ती हवीच होती.

तिसऱ्या वर्षी एका तपासणीला डाळजकर आले नाहीत. मामा बाकड्यावर जागा धरून बसले होते. आमचा नंबर आला, गेला. डॉक्टरांनी मामांना तपासलं, सगळं चांगलं आहे म्हणाले. मामांनी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "त्यांची गाठ परत आली होती. यकृतात गेली. पंधरा दिवस झाले त्यांना जाऊन."

एसटीत मामा खिडकीकडं तोंड करून बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मेंढ्या सोडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मेंढ्या दावणीला ओरडत होत्या आणि मामा खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. चौथ्या दिवशी त्यांनी आत्यांना सांगितलं, "तंबाखू मागवून घे." आत्या माझ्याकडं बघायला लागल्या.

मी म्हटलं, "मागवायची न्हाय."

मामा उठून बसले. आवाज चढला नव्हता, हेच वाईट. म्हणाले, "पोरी, त्येनं माझ्याआदी सोडली. माझ्यापरीस जास्त चालला. पाला खाल्ला, समदं केलं. ग्येला का न्हाय? मग काय उपेग सांग."

मला सांगता येईना. सांगता येत नाही म्हणून मी चिडले, आणि चिडून बोलू नये ते बोलले. "मग मरायचंच आसंल तर मरा. मग मी कशाला पायजे पथ्य सांबाळायला?" बोलून गोठ्यामागं गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले. पाच वर्षांचा हिशेब मांडून बसलेली मी, तिसऱ्यातच हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत हातातून सुटत होता, आणि त्याला आजारानं नव्हे, त्या 'काय उपेग'नं नेलं असतं.

दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता मी एकटीच बारामतीची एसटी पकडली. डॉक्टरांना सरळ विचारलं, उपयोग काय? ते रागावले नाहीत. म्हणाले, "शंभर जण चालले, तंबाखू सोडली, नीट खाल्लं, तर न चालणाऱ्या शंभरांपेक्षा त्यांतले जास्त जण जगतात. एवढं मी सांगू शकतो. पण त्या शंभरांत तुमचा माणूस कुठल्या बाजूला, ते मला नाही सांगता येत. कुणालाच नाही." एवढं खरं बोलणारा डॉक्टर मला नंतर क्वचितच भेटला. पण ते उत्तर घरी नेऊन मामांपुढं ठेवायचं कसं? मी ठेवलं. मामांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडं वळले.

मग आत्या म्हणाल्या, "दुखवट्याला तरी जायला पायजे." हे मामांना नाही म्हणता येईना. आम्ही तिघं डाळजला गेलो.

त्यांचं घर हायवे सोडून आत, धरणाच्या फुगवट्याच्या बाजूला. ओसरीवर सतरंजी टाकलेली. त्यांची बायको भिंतीला टेकून बसली होती. दवाखान्यात बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला ती माझ्याशेजारी बसायची, पण तिथं कधी फारसं बोलली नव्हती. आत्या तिच्या गळ्यात पडल्या, दोघी रडल्या. मामा खाली मान घालून बसले. मान तशीच ठेवून म्हणाले, "लई चालायचा वो. लई केलं त्येनं. सारं वाया ग्येलं."

ती पदरानं डोळे पुसत होती, ती थांबली. म्हणाली, "वाया?" आणि मग जे बोलली ते मला आजही तिच्या आवाजासकट आठवतं.

"दाजी, चाळीस वर्सं संसार केला, पर ह्यांच्या बरूबरीनं मी कदी चालले न्हवते. बाजाराला म्हना, लग्नाला म्हना, ह्ये म्होरं आन् मी धा पावलं मागं. डाक्टरनं चालायला सांगितलं तवा एकट्याला भ्या वाटायचं, चक्कर आली तर? म्हनून मला संगं घ्यायचे. मी आपली मागनं. ह्ये थांबायचे, तर मी बी थांबायची. परत चालायला लागले की मी चालायची. चार दिस आसंच. मंग एक दिस वळून म्हनले, आगं, मला डाक्टरनं चालायला सांगितलंय, थांबायला न्हाय. ये की म्होरं." हे सांगताना ती हसली. दुखवट्याच्या घरात हसली म्हणून कुणाला वावगं वाटलं नाही.

"लोकं लई हसायची. म्हातारा-म्हातारी हवा खायला निगाली म्हनायची. हसू देत. रोज पान्यापातुर जायाचो, दगडावर टेकायचो, पाखरं बगायचो आन् यायाचो. चालताना मानूस बोलतंय वो. घरात न्हाय बोलत. एकदा मला म्हनले, मला वांगं कदीच आवडलं न्हाय. मी म्हनलं, आवो, जल्मभर वांगी पिकवली, जल्मभर मी रांधून घातली! म्हनले, तू कदी इचारलं न्हाईस आन् मी कदी सांगितलं न्हाय." तिनं पदर नीट केला. "ती आडीच वर्सं मला मिळाली दाजी. चाळीस वर्सांत न्हवती मिळाली. आन् तुमी म्हनता वाया."

मी मामांकडं बघितलं तर ते आत्यांकडं बघत होते. आत्या दाराशी, बायकांच्या बाजूला, डोक्यावरचा पदर दातांत धरून बसल्या होत्या.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. मामांची पाच वर्षं नीट गेली. शेवटच्या तपासणीला बारामतीचे डॉक्टर म्हणाले, आता वर्षातून एकदा आलात तरी चालेल. मी दवाखान्याच्या दारातच पाया पडले, मामांच्या नव्हे, डॉक्टरांच्याही नव्हे, जे कुणी वर असेल त्याच्या. मामा चालले म्हणून वाचले, की वाचायचेच होते आणि चालत होते, हे मला माहीत नाही. कुणी छातीठोक सांगायला लागलं की मला डाळजची ओसरी आठवते.

पण मला सांगायची आहे ती डाळजहून आल्याच्या दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ. ऊन उतरलं होतं. मी अंगणात ज्वारी निवडत होते. मामा खाटेवरून उठले, पटका बांधला, पायांत पायताण घातलं आणि दारातून आत हाक मारली, "आगं ए, चल."

आत्या बाहेर आल्या. "कुटं?"

"चल म्हनलं ना."

"काय काम हाय?"

"काम न्हाय काय."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. कामाशिवाय घराबाहेर पडायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी. हात पुसले, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि निघाल्या, अर्थातच मागून. कोपऱ्यावर मामा थांबले. आत्याही थांबल्या. मला वाटलं, आता काही खरं नाही. मग मामा चार पावलं मागं आले आणि आत्यांच्या शेजारी उभे राहिले. तिथून पुढं दोघं बरोबर गेले. वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी सूप हातात धरून बघत राहिले. डोळे भरून आले होते आणि ज्वारीत खडा कुठला ते दिसत नव्हतं.

दिवस मावळताना परत आले. मामा खाटेवर बसले, पाणी मागितलं. आत्या सरळ आत, चुलीपाशी गेल्या. मी मागोमाग गेले. त्यांचा चेहरा असा काही झाला होता की मला काळजी वाटली. विचारलं, "आत्या, काय झालं? मामा बोललं का काय?"

"न्हाय गं. बोलायचं काय." त्यांनी चुलीत काटकी सारली. मग हळूच म्हणाल्या, "मला इचारत व्हते, तुला काय आवडतं खायाला."

मला हसू फुटलं. "मग? काय सांगितलंसा?"

आत्यांनी माझ्याकडं वर बघितलं. पंचेचाळीस वर्षं त्या घराची चूल त्यांच्या हाती होती.

"आठवंना गं," त्या म्हणाल्या, आणि भाकरीचं पीठ काढायला उठल्या.